सव्वा वर्षाच्या वापरानंतर: बुधवारची पोस्ट शनिवारी, मधल्या मधे 1,800 रुपयांचा टँकर

मागच्या गुरुवारी सकाळी सातला नळ सोडला तर नुसती हवा. टाकीत वीतभर पाणी आणि घरात आदल्या रात्री आलेले चार पाहुणे. खाली उतरलो तर निम्मी सोसायटी पार्किंगमध्ये एकमेकांकडे बघत उभी. शेवटी टँकर मागवला. 1,800 रुपये, वर ड्रायव्हरचं चहापाणी वेगळं. शनिवारी दुपारी जेवून जरा आडवा झालो, फोन हातात घेतला, तर आमच्या भागाचा गट ज्यावर आहे त्या सोशल ॲपने सगळ्यात वर मोठ्या प्रेमाने पोस्ट दाखवली: "उद्या गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी पूर्ण बंद. टाक्या भरून ठेवा." पोस्ट बुधवारची. सकाळी 10 वाजून 12 मिनिटांची.

तर हा त्या ॲपचा सव्वा वर्षाच्या वापराचा अनुभव. नाव लिहीत नाही. वापरणारे ओळखतील, आणि न वापरणाऱ्यांनाही आपल्याच फोनमधल्या एखाद्या ॲपची आठवण येईल. गट, स्टोरी, रील, जुन्या सोफ्यांचा बाजार हे सगळं तुम्हाला पाठ आहे, त्यात शिरत नाही. माझं भांडण एका बटणाशी आहे. "नवीन आधी" असं त्याचं नाव.

आधी चांगलं बोलतो. पहिले चार महिने मी या ॲपला साडेचार तारे देत होतो आणि नातेवाइकांच्या फोनमध्ये स्वतः टाकून देत होतो. कारण आमच्या भागाचा गट. साधारण तीन हजार माणसं. व्हॉट्सॲपवर हे जमत नाही, तिथे सगळ्यांचे नंबर उघडे पडतात, बायकांना ते नको होतं. इथे सी विंगमधले एक काका, पाइपलाइनच्या कामात आयुष्य गेलेले, रोज पोस्ट टाकायचे. "उद्या 6 ते 8. दाब कमी राहील. तिसऱ्या मजल्याच्या वरच्यांनी पंप लावा." बस्स, एवढंच. चावीवाल्याशी त्यांची ओळख, त्यामुळे बातमी पक्की. खाली पंचवीस-तीस जणांचे "धन्यवाद काका". कोणाची मांजर हरवली, कोणाकडे गॅसची जादा टाकी आहे, कुठल्या गल्लीत खोदलंय, सगळं तिथे कळायचं. मी पेपर बंद करायच्या विचारात होतो. केला नाही ते बरं झालं.

मग कधीतरी एक अपडेट आलं आणि फीड "तुमच्यासाठी" झालं. माझ्यासाठी म्हणजे काय, तर एक माणूस कोकणात जेसीबीने विहीर खणतोय, एक बाई साबणाच्या वड्या कापतेय, आणि मी कधीही न पाहिलेल्या मालिकेतली भांडणं. (विहिरीचा व्हिडिओ मी पूर्ण पाहिला, हे कबूल. तेव्हापासून रोज एक विहीर येते.) काकांची पोस्ट कुठेतरी खाली, तीही शिळी. यावर उपाय आहे, नाही असं नाही. कोपऱ्यातले तीन ठिपके, मग "फीडची पसंती", मग "क्रमवारी", मग "नवीन आधी". चार वेळा बोट लावलं की सगळं तारखेप्रमाणे, जसं असायला हवं तसं. पण मधे एखादा फोन आला, बोलून परत ॲपमध्ये आलात, की पुन्हा विहीर. एका रविवारी मी मोजलं. दिवसभरात सतरा वेळा "नवीन आधी" केलं, सतरा वेळा त्याने ते पुसलं. बायको म्हणाली, एवढ्यात काकांच्या दारावर जाऊन आला असतात.

आठव्या महिन्यात मी मूर्खपणा केला आणि पैसे भरले. वर्षाचे 1,299. जाहिराती कमी आणि "फीडवर अधिक नियंत्रण" असं लिहिलं होतं. नियंत्रण म्हणजे मला आयकॉनचा रंग बदलता येतो. मी जांभळा ठेवला. फीड तसंच.

तक्रार केली. आपल्याकडे 2021 च्या नियमांप्रमाणे या कंपन्यांना तक्रार अधिकारी नेमावा लागतो आणि 24 तासांत पोच द्यावी लागते. पोच आली. प्रत्येक वेळी, अगदी वेळेवर. मराठीत लिहिलं तर हिंदीत पोच, हिंदीत लिहिलं तर इंग्रजीत. तिसऱ्या वेळी उत्तर आलं की हा बिघाड नसून सोय आहे, मला जास्त सुसंगत मजकूर दिसावा म्हणून. मी टँकरच्या पावतीचा फोटो जोडला. तक्रार "निवारण झाली" म्हणून बंद.

आता मी ऑर्कुटच्या, म्हणजे फेसबुक इथे पसरण्याआधीच्या गूगलच्या सोशल साइटच्या काळातला माणूस. 2006 मध्ये सायबर कॅफेत ताशी वीस रुपये मोजून स्क्रॅपबुक उघडायचो, म्हणजे मित्रांनी लिहिलेल्या निरोपांचं पान. ताजा स्क्रॅप वर, जुना खाली, यात कोणाला पसंती विचारायची वेळच येत नव्हती. ऑर्कुट जानेवारी 2004 मध्ये सुरू झालं, 30 सप्टेंबर 2014 ला बंद झालं, आणि जगात त्याचा खरा संसार दोनच ठिकाणी होता, ब्राझीलमध्ये आणि आपल्याकडे. ते का गेलं यावर प्रत्येकाचं मत असतं: बनावट प्रोफाइलं, स्क्रॅपमधला कचरा, साइट अडकली की दिसणारा "बॅड, बॅड सर्व्हर, नो डोनट फॉर यू" हा प्रसिद्ध संदेश. मला वाटायचं, फेसबुक जास्त छान दिसत होतं म्हणून सगळे गेले. आता तसं वाटत नाही. माझ्या वर्गातली जी पाच-सहा मुलं सगळ्यांना टेस्टिमोनियल (मित्राबद्दल चार चांगले शब्द) लिहायची, ती 2009 च्या आसपास फेसबुकवर गेली. उरलेल्या आम्ही खाती बंद केली नाहीत, नुसते स्क्रॅपबुक बघून परत यायचो. नवीन काही नसायचं.

फ्रेंडस्टर नावाचं त्याच्याही आधीचं, 2002 चं एक होतं. त्याच्या पडझडीचा अभ्यास झुरिचच्या ईटीएच या संस्थेतल्या संशोधकांनी 2013 मध्ये केला. त्यांचं म्हणणं मला भिशीसारखं वाटलं. बाराजणींची भिशी असते. दोघींनी सोडली की रक्कम घटते, मग तिसरीला वाटतं आता यात राम नाही, आणि तिच्या मागोमाग तिची जाऊ. सोडणारी कोण आहे यावर सगळं ठरतं. जिच्याभोवती बाकीच्या जमतात तीच गेली, तर आकड्यात एकच कमी होते पण भिशी मोडते. खात्यांची एकूण संख्या कोटींत दिसत राहते, त्यामुळे कंपनीला कळतही नाही. गूगलने 2018 मध्ये आपलं सोशल नेटवर्क गूगल प्लस बंद करायचं जाहीर करताना स्वतःच सांगितलं होतं की 90 टक्के वेळा लोक पाच सेकंदसुद्धा थांबत नाहीत. पाच सेकंदांत माणूस चुकून उघडलेलं ॲप बंद करतो.

(हे वरचं सोमवारी लिहिलं होतं. बुधवारी थोडं बदलावं लागतंय.)

झालं असं की भाच्याने सांगितलं, मामा, ॲप सोड, ब्राउझरमधून गट उघड. उघडला. आणि काय आश्चर्य, तिथे "नवीन आधी" टिकतं! दोन दिवस झाले, हललेलं नाही. मी एक तारा वाढवतोय, कारण न्याय तो न्याय. पण मग राग जास्तच आला. म्हणजे यांना जमतं. फोनमध्ये मुद्दाम होऊ देत नाहीत.

का होऊ देत नाहीत, ते उघड आहे. तारखेप्रमाणे पोस्टी आल्या की माणूस पाणी कधी येणार ते बघतो आणि फोन ठेवतो. विहीर असेल तर वीस मिनिटं बसतो, आणि वीस मिनिटांत किती जाहिराती मावतात याचा हिशेब तुम्हीच करा. ट्विटर आणि इन्स्टाग्राम या दोघांनीही 2016 मध्येच तारखेची ओळ मोडून निवडीचं फीड आणलं. इन्स्टाग्रामने 2022 मध्ये तारखेची सोय पर्याय म्हणून परत दिली. मायस्पेस या एकेकाळच्या मोठ्या सोशल साइटची गोष्ट त्याहून जुनी. 2005 मध्ये न्यूज कॉर्प या माध्यम कंपनीने ते 58 कोटी डॉलरला घेतलं, 2006 मध्ये गूगलशी 90 कोटी डॉलरचा जाहिरातींचा करार झाला, त्यात ठरावीक वर्दळ दाखवायची अट. मग पानं जाहिरातींनी भरत गेली, कारण कमी करायची सोयच राहिली नाही. 2011 मध्ये विकलं तेव्हा सुमारे साडेतीन कोटी डॉलर आले. डिगने (लोकांनी दुवे टाकून त्यावर मत द्यायची साइट) तर ऑगस्ट 2010 मध्ये एका फटक्यात नवं रूप आणलं, नापसंतीचं बटण काढलं, आणि चिडलेल्या लोकांनी डिगचं पहिलं पान रेडिट या प्रतिस्पर्धी साइटच्या दुव्यांनी भरून टाकलं. माझ्यासारखेच बटणवेडे लोक असणार. 

प्रत्येक वेळी कारण हेच असतं असं मात्र नाही. ट्विटरसारखं आपलं देशी ॲप कू बघा. मार्च 2020 मध्ये बेंगळुरूहून सुरू झालं, मराठीतही होतं, पिवळा पक्षी, मंत्र्यांची खाती, सगळा थाट. जुलै 2024 मध्ये बंद. तिथे संस्थापकांनी सांगितलेलं कारण सरळ होतं: विक्रीची बोलणी फिसकटली आणि ॲप चालू ठेवायचा खर्च झेपेना. फुकटात देऊन पैसा कुठून आणणार, हा प्रश्न मलाही मान्य आहे. म्हणून तर मी 1,299 भरले होते.

युरोपात यावर कायदाच आहे. तिथल्या डिजिटल सेवा कायद्याप्रमाणे सगळ्यात मोठ्या कंपन्यांना माणसाच्या सवयी न ताडता चालणारं फीड पर्याय म्हणून द्यावंच लागतं. आणि 2025 च्या ऑक्टोबरमध्ये ॲमस्टरडॅमच्या न्यायालयाने एका बड्या कंपनीला बजावलं की वापरणाऱ्याने एकदा केलेली निवड ॲप परत उघडल्यावरही टिकली पाहिजे. मी ही बातमी बायकोला मोठ्याने वाचून दाखवली. सतरा वेळा मोजणारा मी एकटाच वेडा नाही, एवढं तरी सिद्ध झालं.

आता काकांचं. परवा जिन्यात भेटले. म्हटलं, काका, गटावर तुमचं काही दिसत नाही हल्ली. ते म्हणाले, "अरे, टाकत होतो की. पूर्वी हजारभर लोक बघायचे, आता अकरा. त्या गुरुवारची टाकली तर ॲप मलाच म्हणतं, 99 रुपये भरा, जास्त लोकांना दाखवतो. पाणी बंद आहे हे सांगायला मी पैसे भरू?" आणि हसले. त्यानंतर त्यांनी पोस्ट टाकलेली नाही. खातं आहे अजून. वाढदिवसाला त्यांना "हॅपी बर्थडे"च्या पोस्टी येतील. गटात आता भाड्याने फ्लॅट, कर्ज मिळवा, आणि एक माणूस रोज गुड मॉर्निंगचं गुलाब टाकतो, ते मात्र ताबडतोब दिसतं.

काका सध्या गेटजवळच्या फळ्यावर खडूने लिहितात. वॉचमनच्या खुर्चीमागे आहे, अर्धवट झाकला जातो, पावसात पुसलाही जातो. मंगळवारी त्यांनी लिहिलं होतं, "बुध. सकाळी 6 ते 7:30. गढूळ येईल, उकळून घ्या." मी त्याचा फोटो काढून गटावर टाकला. अजून बायकोला दिसलेला नाही, आणि आम्ही एकाच सोफ्यावर बसतो.

वापरणार असाल तर ब्राउझरमधून वापरा. जुने फोटो असतील तर आजच उतरवून घ्या. मायस्पेसवर 2016 पूर्वी चढवलेली गाणी सर्व्हर हलवताना गेली, आणि लोकांना ते नीट कळलं 2019 मध्ये. पैसे भरू नका. भरले असतील तर यूपीआयच्या ऑटोपेमध्ये जाऊन मँडेट (आपोआप पैसे कापायची परवानगी) बघा. माझं वर्ष संपलं की पुन्हा कापलं जाणार होतं, काल रद्द केलं. ॲपने लगेच विचारलं, का जाताय? सहा पर्याय दिले होते. पाण्याचा त्यात नव्हता, म्हणून "इतर" दाबलं.

ॲप: एक तारा. ब्राउझर: अडीच. जांभळा आयकॉन चांगला आहे, तेवढा अर्धा तारा धरा.