दोन बोटांवर तोललेलं विमान

मागच्या दिवाळीनंतर मी २४ हजार रुपयांना रिमोटवर उडणारं एक जुनं थ्रीडी, म्हणजे कसरतीचं, मॉडेल विमान घेतलं आणि तिसऱ्याच उड्डाणात त्याचा चुराडा केला. मित्रांना वाटतं मला उडवता येत नाही. तेही थोडं खरं आहे. पण घेताना मी कसा फसलो ते लिहून ठेवतो, कारण ज्या गोष्टीवर मी विश्वास ठेवला ती गोष्ट दिसायला अगदी शास्त्रशुद्ध होती.

विमान चार फुटी पंखांचं, बाल्सा (अगदी हलकं लाकूड) आणि प्लायचं, इलेक्ट्रिक, फोर-सेल २२०० एमएएचच्या बॅटरीवर चालणारं. विकणारा मुलगा सिंहगड रोडला राहणारा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्याने विमान जोडलं, बॅटरी बसवली आणि पंखांखाली दोन बोटं लावून ते उचललं. विमान आडवं, स्थिर. नाक खाली नाही, शेपूट खाली नाही. "बघा सर, सीजी परफेक्ट. मॅन्युअलमध्ये जिथे दिलाय तिथेच." मी खिशातली पट्टी काढून पंखाच्या पुढच्या कडेपासून मोजलं. खरंच तिथेच होता. पट्टी घेऊन गेलो होतो म्हणून मी स्वतःवरच खूश झालो, आणि तिथेच माझी चौकशी संपली.

या छंदात नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. विमानाचा गुरुत्वमध्य, म्हणजे सीजी, फार पुढे असला तर ते जड नाकाने उडतं, एलिव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारी शेपटीवरची झडप, ओढत राहावा लागतो. फार मागे गेला तर ते हातात राहतच नाही. कसरतीच्या विमानात तो नेहमीपेक्षा किंचित मागे ठेवतात, म्हणजे उलटं उडवताना स्टिक फारशी दाबावी लागत नाही. त्यामुळे विकत घेणारा प्रत्येक जण आधी सीजी बघतो. विकणाऱ्यालाही ते ठाऊक असतं.

पहिली दोन उड्डाणं मी मुळशीच्या बाजूच्या मैदानावर सरळसोट केली. विमान जरा वेगाने उतरतंय असं वाटलं, पण म्हटलं नवीन आहे, हात बसेल. तिसऱ्या उड्डाणात हॅरियर करायला गेलो, म्हणजे नाक वर करून अगदी सावकाश उडवणं. अशा विमानांची खरी मजा यातच. थ्रॉटल थोडा कमी केला तसा उजवा पंख धाडकन खाली गेला. वीस फुटांवरून सावरायला वेळच मिळत नाही.

तुकडे पिशवीत भरले. मैदानावर येणारे एक काका आहेत, तीसेक वर्षं विमानं बांधतात, फार बोलत नाहीत. त्यांनी पिशवी हातात घेतली, तोलली आणि एवढंच विचारलं, "वजन केलं होतंस का रे घेताना?"

नव्हतं केलं. हे मॉडेल बॅटरीसकट ११५० ग्रॅमच्या आसपास भरायला हवं. काकांच्या घरच्या काट्यावर माझे तुकडे १४६० भरले.

मग त्यांनी ते उघडलं. मोटारीच्या मागचा प्लायचा डबा फुटला होता. त्यात इपॉक्सी गोंदात बुडवून वरून काळा रंग दिलेलं शिसं निघालं, २२० ग्रॅम. शेपटीकडची फिल्म, म्हणजे वरचं प्लास्टिकचं आवरण, सोलली तर आतला सांगाडा कधीतरी मोडून पुन्हा जोडलेला. प्लायच्या पट्ट्या, हात सैल सोडून ओतलेला इपॉक्सी, फिल्मचे दोन-दोन थर. काकांनी खरवडून सगळं वेगळं काढून तोललं. ९० ग्रॅम.

त्यांनी कागदावर हिशोब मांडला. सीजीपासून शेपटीचं अंतर ६५ सेंटीमीटर, शिशाचं अंतर फक्त २२. तराजूचं गणित आहे हे, शाळेतलं. मागच्या ९० ग्रॅमला पुढून तोलायचं तर २२० ग्रॅम शिसं लागतं आणि तरीही थोडं कमी पडतं. ते कमी पडलेलं विकणाऱ्याने बॅटरी चार सेंटीमीटर पुढे ढकलून भरून काढलं होतं. बॅटरी अगदी पुढच्या भिंतीला टेकलेली होती, हे मी पार्किंगमध्ये पाहिलं होतं. पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ लावला नाही. धड विमानात बॅटरीला पुढे-मागे सरकायला थोडी जागा उरते, त्यावरच तर आपण सीजी बारीक जुळवतो. ती पुढच्या भिंतीत घुसली असेल तर मागे काहीतरी जड आहे.

म्हणजे त्याने खोटा सीजी दाखवला नाही. सीजी खरा होता. तो खरा करण्यासाठी घातलेलं ओझं लपवलं होतं. वजन सव्वापटीहून जास्त झालं की ज्या किमान वेगाला विमान हवेत टिकतं तो वेग साधारण १२ टक्क्यांनी वाढतो. सरळ उडताना ते कळत नाही. सावकाश उडवायला गेलं की कळतं, आणि तेव्हा जमीन जवळ असते.

आणखी एक खूण होती. डाव्या पंखाच्या टोकाला आतून दोन रुपयांचं नाणं चिकटवलेलं होतं. मी विचारलं तर म्हणाला, "लॅटरल बॅलन्स केलाय सर, लूप सरळ जातो." तोही समतोल लोक करतातच, स्पिनर (पंख्यावरची टोपी) आणि शेपूट धरून बघतात कुठला पंख खाली जातो. मला ते ऐकून उलट कौतुक वाटलं. उजवा पंख जड का आहे, हे विचारायला हवं होतं. तोही दुरुस्त केलेला निघाला. एलिव्हेटर हलवणाऱ्या छोट्या मोटारीवर, म्हणजे सर्वोवर, मेटल गिअरचं लेबल आणि आत नायलॉनचे दाते, हे तर शेवटी शेवटी सापडलं. तोवर माझा राग येऊन गेला होता.

त्याला फोन केला. "सर, तुमच्यासमोर तोलून दिलं होतं. क्रॅश केल्यावर मी काय करू?" त्याचं एकही वाक्य खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त झोंबलं. दुसऱ्यांदा फोन लावला तर ब्लॉक. पावती नाही, जाहिरात काढून टाकलेली, यूपीआयच्या नोंदीत मीच गमतीत लिहिलेलं 'खेळणं'. बायको म्हणाली, "अहो, भाजीवाल्याकडे अर्ध्या किलोला तीनदा काटा बघता."

आता एक काटा, पाच किलोपर्यंतचा, गाडीच्या डिकीत असतो.

गेल्या आठवड्यात तशीच जाहिरात पुन्हा दिसली. नंबर वेगळा, फोटोत तीच पार्किंगची फरशी, पंखाखाली तीच दोन बोटं. मुलीच्या फोनवरून एकच प्रश्न पाठवला: बॅटरीसकट वजन किती?

दोन निळ्या टिका आल्या आहेत. उत्तर नाही.