लिलियन योमन्स की रेचल रेमेन : आधी कोणाला वाचावे?

दोघीही डॉक्टर, दोघींनीही आजारपण स्वतः सोसलेले, दोघींचा विषय अध्यात्म आणि आरोग्य. पण ‘बरे होणे’ म्हणजे काय, इथेच त्यांची वाट फुटते. मराठीत ताप बरा होतो आणि माणसालाही ‘आता बरं वाटतंय’, शब्द एकच. त्यामुळे दोघींचे म्हणणे एकच समजून वाचक फसण्याची शक्यता मराठीत जरा जास्तच.

लिलियन योमन्स (1861–1942) मूळच्या कॅनडातल्या. 1882 मध्ये मिशिगन विद्यापीठातून डॉक्टर होऊन त्यांनी विनिपेगमध्ये व्यवसाय सुरू केला. आई अमेलिया वर्षभराने मिशिगनमधूनच डॉक्टर झाल्या. कामाच्या ताणात झोप यावी म्हणून लिलियननी मॉर्फिन घेतले आणि त्याच्या पुरत्या आहारी गेल्या. त्यांनीच लिहिलेले आकडे असे : दिवसाला 10 ते 14 ग्रेन मॉर्फिन, म्हणजे साधारण 650 ते 900 मिलिग्रॅम; शिवाय रात्री तासाच्या अंतराने 60-60 ग्रेनचे दोन डोस क्लोरल हायड्रेट, म्हणजे झोपेचे औषध. व्यसनमुक्तीसाठी त्या काळी गाजलेला कीली उपचार झाला, प्रार्थनेने रोग बरे होतात असे मानणारा ख्रिश्चन सायन्स पंथ झाला, गुण आला नाही. 1898 मध्ये शिकागोत धर्मोपदेशक जॉन अलेक्झांडर डाउई यांच्या आरोग्यगृहात प्रार्थनेने व्यसन सुटले, असे त्या सांगतात. पुढे त्या पेंटेकॉस्टल या ख्रिस्ती पंथात गेल्या आणि लॉस एंजेलिसला धर्मोपदेशिका एमी सेंपल मॅक्फर्सन यांच्या बायबल कॉलेजात शिकवू लागल्या.

‘हीलिंग फ्रॉम हेवन’ (1926) हे त्यांचे मुख्य पुस्तक. त्यातला युक्तिवाद वकिली थाटाचा आहे. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 28व्या अध्यायात रोगांची गणना शापात होते. गलतीकरांस पत्र 3:13 म्हणते की ख्रिस्ताने शापातून सोडवले. म्हणजे रोगातूनही सोडवले. पहिली दोन विधाने मानली की तिसरे नाकारायला जागा उरत नाही. पवित्र शास्त्र घरात असलेल्या वाचकाला हे सरळ भिडते. इतरांनी अनुवाद 28 आधी पूर्ण वाचावा, नाहीतर प्रकरणे अधांतरी वाटतील.

अडचण त्या ‘म्हणजे’मध्ये आहे. सुटका आधीच झालेली असेल, तर आजार टिकून राहिल्याचा दोष रोग्याच्या विश्वासावर येतो. मग कोणी विश्वास सिद्ध करायला औषध बंद करतो. टाइप 1 मधुमेहात इन्सुलिन थांबवले तर एक-दोन दिवसांतच रक्तात आम्ल साचून जीव धोक्यात येऊ शकतो. क्षयाचा कोर्स अर्धवट सोडला तर औषधांना दाद न देणारे जंतू उरतात. मॉर्फिन किंवा झोपेच्या गोळ्यांची सवय असलेल्याने योमन्स यांचा अनुभव ही पद्धत समजू नये. झोपेच्या गोळ्या एकदम थांबवल्याने फिट येऊ शकते. डोस डॉक्टरच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने उतरवावा लागतो.

रेचल नाओमी रेमेन या अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञ. पंधराव्या वर्षापासून आतड्याचा क्रोन्स आजार, अनेक शस्त्रक्रिया; आजार गेला नाही, आणि त्यांचे लेखन तिथूनच सुरू होते. रोग हटवणे वेगळे, माणूस आतून सावरणे वेगळे. दुसरे पहिल्यावाचूनही घडू शकते. आजोबा ज्यू धर्मगुरू होते, त्यांचा संस्कार लेखनात आहे, पण वाचकाकडे श्रद्धेची अट नाही. कॅलिफोर्नियातल्या कॉमनवील संस्थेत कर्करोग्यांसाठी त्यांनी सहकाऱ्यांबरोबर उभारलेले निवासी शिबिर उपचारांच्या जोडीने चालते, त्यांच्याऐवजी नाही.

‘किचन टेबल विजडम’ (1996) मध्ये छोटे छोटे प्रसंग आहेत. कुठूनही उघडावे, दोन-चार पाने वाचून ठेवून द्यावे. सलग वाचल्यास गोडवा जरा जास्त होतो, आणि ‘मग करायचे काय?’ विचारणाऱ्याला पायऱ्या सापडत नाहीत.

घरात दीर्घ आजार असेल, किंवा तुम्ही रोग्याची शुश्रूषा करत असाल, तर रेमेन आधी. चर्चमधल्या आरोग्यप्रार्थनेमागचा विचार मुळातून समजून घ्यायचा असेल, तर योमन्स. त्यातही आधी व्यसनाची हकिगत, मग शास्त्रवचनांची प्रकरणे. नुकतेच गंभीर निदान झालेल्याच्या हाती मात्र योमन्स एकट्या देऊ नयेत. ‘माझाच विश्वास कमी पडला’ हा सल त्या वेळी फार लवकर रुततो.