बर्फ हटल्याची तारीख सांगणारं बटण: थर्मोक्रॉन डीएस१९२१जी

उत्तराखंडातल्या तुंगनाथच्या बुग्याळात, म्हणजे उंचावरच्या कुरणात, एखादं रोप कधी फुलणार, हे बरंचसं त्याच्यावरचा बर्फ कधी हटला यावर ठरतं. ही तारीख दहा पावलांतही बदलते. वाऱ्याने झाडून निघालेली धार लवकर मोकळी होते, तिच्या आडोशाच्या खळग्यात बर्फ कित्येक आठवडे जास्त टिकतो. मोडिस या उपग्रहावरच्या उपकरणाचा रोजचा बर्फ-नकाशा फुकट मिळतो, पण त्याचा एक चौकोन ५०० मीटरचा. धार आणि खळगा दोन्ही त्या एकाच चौकोनात गडप होतात. त्यामुळे रोपाच्या मुळाशी पुरता येईल असं काहीतरी लागतंच, आणि त्या कामाला हे बटण आजही चांगलं आहे.

साधारण १७ मिमी व्यासाची, ६ मिमी जाडीची पोलादी डबी. आत घड्याळ, तापमापक, बॅटरी आणि २,०४८ नोंदींची जागा. मोजमाप अर्ध्या अंशाच्या पायऱ्यांनी, अचूकता ±१ अंश सेल्सिअस. हा आकडा वाचून अनेक जण नाक मुरडतात. इथे मात्र तापमानाच्या आकड्यापेक्षा आलेखाचा आकार महत्त्वाचा असतो.

जाड बर्फ जमिनीवर गोधडीसारखा बसतो. जानेवारीत वर हवा उणे पंधरावर गेली तरी बर्फाखालच्या तापमानाची रेषा शून्याच्या जरा खाली सपाट पडून राहते. वसंतात वितळलेलं पाणी झिरपायला लागलं की रेषा बरोबर शून्याला चिकटते, कारण येणारी सगळी उष्णता बर्फ वितळवण्यातच खर्च होते. अशी ती काही दिवस, कधी काही आठवडे राहते. मग एका दुपारी ४, दुसऱ्या दिवशी ९, रात्री परत १. बर्फ हटला! या सपाट पट्टीचा आणखी एक उपयोग: फाइलमध्ये ती +०.५ वर दिसत असेल, तर ते बटण अर्धा अंश जास्त दाखवतंय. सगळ्या नोंदींतून ०.५ वजा करा. पुरण्याआधीही बर्फाचा चुरा आणि डिस्टिल्ड वॉटर भरलेल्या थर्मासमध्ये, झिपलॉक पिशवीत घालून तासभर तपासून घ्यावं.

तारीख काढायचा साधा नियम: दिवसभरातला चढउतार १ अंशाच्या आत आणि कमाल तापमान १ अंशाच्या आत, तर त्या दिवशी बर्फ होता असं धरा. सलग तीन दिवस हा नियम मोडला, तर त्यातला पहिला दिवस ही बर्फ हटल्याची तारीख. शरद ऋतूत मात्र हा नियम फसवतो. ओली माती गोठतानाही शून्यावर अडकते, वर बर्फ नसला तरी. पातळ बर्फातून चढउतार आरपार जातो, तो दिवस नियमातून निसटतो.

खोलीचा प्रश्न कळीचा आहे. उंच शिखरांवरच्या वनस्पतींवर लक्ष ठेवणाऱ्या ग्लोरिया या जागतिक प्रकल्पात असे तापमान नोंदवणारे लॉगर १० सेंमी खोल पुरतात, आणि इतर शिखरांशी तुलना करायची असेल तर तेच करा. पण १० सेंमीवर माती स्वतःच चढउतार दाबते. फक्त बर्फाची तारीख हवी असेल, तर २ ते ३ सेंमी पुरे. उघड्यावर अजिबात ठेवू नका. ऊन थेट पडलं की पोलाद तापतं आणि हवेचं म्हणून भलतंच तापमान नोंदवलं जातं.

आता उणिवा. पहिली स्मृतीची. दोन नोंदींतलं अंतर जास्तीत जास्त २५५ मिनिटं ठेवता येतं. २,०४८ ला २५५ ने गुणा: ३६२ दिवस आणि काही तास. वर्ष पुरं होता होता राहतं! शिवाय २५५ मिनिटांनी नोंदीची वेळ रोज सरकत जाते आणि दुपारचा उच्चांक चुकतो. २४० मिनिटंच ठेवा. रोज सहा नोंदी, एकूण ३४१ दिवस. १ सप्टेंबरला सुरू केलं तर ८ ऑगस्टपर्यंत. रोलओव्हर बंद करायला विसरू नका, नाहीतर जागा संपल्यावर जुन्या नोंदींवर नव्या लिहिल्या जातात. नवीन मिशन, म्हणजे नोंदींची नवी फेरी, सुरू केलं की आधीच्या नोंदी पुसल्या जातात, तेव्हा आधी फाइल उतरवून घ्या.

दुसरी उणीव पाण्याची, आणि हीच सर्वांत घातक. डबी सीलबंद दिसते, पण महिनोन्‌महिने वितळत्या बर्फाच्या पाण्यात राहिली की झाकणाच्या फटीतून ओल शिरते. बॅटरी बदलता येत नाही आणि नोंदी त्याच बॅटरीच्या जोरावर टिकतात. ती मेली की वर्षभराचा डेटा गेला. रबरी लेप द्या, किंवा सिलिका जेलच्या पुडीसह दुहेरी झिपलॉकमध्ये ठेवा. लेप वाचनाच्या वेळी दोन्ही बाजूंनी खरवडावा लागतो, कारण वाचन धातूच्या स्पर्शानेच होतं. एका जागी एकच बटण पुरणं म्हणजे जुगार, दोन पुरा.

तिसरी, सापडण्याची. जीपीएसची चूक काही मीटरची आणि बटण नाण्याएवढं. शेजारी मोठा लोखंडी खिळा पुरा, दोन ठळक खडकांपासूनची अंतरं टेपने मोजून लिहा, साधा मेटल डिटेक्टर सोबत न्या. वर काठी रोवली तर सरकणारा बर्फ ती आडवी करतो. संरक्षित क्षेत्रात खुरपं लावण्याआधी वनविभागाची लेखी परवानगी हवीच.

या बटणाकडून एक अपेक्षा मात्र ठेवू नये. कोलोरॅडोतल्या गॉथिक इथे, रॉकी माउंटन बायोलॉजिकल लॅबोरेटरीत, डेव्हिड इनोये यांनी १९७३ पासून फुलांच्या नोंदी ठेवल्या आहेत. तिथल्या हेलिअँथेला या सूर्यफुलाच्या कुळातल्या रोपाच्या कळ्या गोठून मरण्याचं प्रमाण १९९२ ते १९९८ मध्ये सरासरी ३६ टक्के होतं, १९९९ ते २००६ मध्ये ७४ टक्के झालं. बर्फ लवकर गेला, कळ्या लवकर आल्या, पण गोठवणाऱ्या रात्री जूनपर्यंत येतच राहिल्या. अशा रात्री मातीतलं बटण पाहूच शकत नाही. त्यासाठी कळीच्या उंचीवर, हवा खेळेल अशा पांढऱ्या प्लास्टिकच्या आडोशात दुसरं बटण टांगावं लागतं, आणि तिथे चार तासांचं अंतर फार मोठं. पहाटेचा नीचांक हमखास हुकतो.

नव्याने खरेदी करणाऱ्यांनी म्हणूनच जास्त पैसे मोजून डीएस१९२२एल घ्यावं. त्यात अर्ध्या अंशाच्या ८,१९२ नोंदी मावतात. मातीतल्याला दोन तासांचं अंतर दिलं तर ६८२ दिवस, म्हणजे एखाद्या वर्षी वर जाणं हुकलं तरी चालतं. कळीजवळच्याला बर्फ हटल्यापासून १५ मिनिटांचं अंतर द्या. ८५ दिवस पुरतं.