काळ-काम-वेग: अपूर्णांक, लसावि की प्रमाण?

पोलीस भरतीची तयारी करणारी मुले हमखास विचारतात की काळ-काम-वेगाची गणिते नक्की कोणत्या रीतीने सोडवायची. शाळेत एका दिवसाच्या कामाचा अपूर्णांक शिकवलेला असतो, क्लासमध्ये लसावि (लघुत्तम साधारण विभाज्य), आणि कुणीतरी मजूर-दिवस-तासांचे सूत्र पाठ करायला सांगितलेले असते. माझे मत असे की गणितातले कामगार सारख्या वेगाचे आहेत की वेगवेगळ्या, हे आधी पाहावे.

सारख्या वेगाचे असतील तर प्रमाणाला तोड नाही. 12 मजूर रोज 8 तास राबून एक भिंत 15 दिवसांत बांधतात. 10 मजूर रोज 9 तास राबले तर? मजूर घटले, म्हणजे दिवस वाढणार: 15 × 12/10 = 18. तास वाढले, म्हणजे दिवस घटणार: 18 × 8/9 = 16. उत्तर 16 दिवस. पाठ केलेल्या सूत्रानेही हेच येते, पण भिंत दुप्पट लांब केली की काम अंशात लिहायचे की छेदात, इथे मुले अडखळतात. 'वाढणार की घटणार' असे दर पायरीला स्वतःला विचारणाऱ्याची ही चूक होत नाही. समचलन आणि व्यस्त चलन म्हणून शाळेत शिकलो ते हेच.

वेग वेगवेगळे असतील तर मी लसाविकडे वळतो. अ एक काम 20 दिवसांत करतो, ब 30 दिवसांत. दोघे मिळून सुरुवात करतात, पण काम संपायच्या 5 दिवस आधी अ निघून जातो. 20 आणि 30 चा लसावि 60, म्हणून एकूण काम 60 भाग धरा. अ रोज 3 भाग करतो, ब 2. शेवटच्या 5 दिवसांत ब एकट्याने 10 भाग करतो. उरलेले 50 भाग दोघांनी रोज 5 प्रमाणे 10 दिवसांत केले. एकूण 15 दिवस. अपूर्णांकांनीही हेच उत्तर येते, पण 1/20, 1/30, 1/12, 5/6 लिहीत बसावे लागते, आणि लेखी परीक्षेत 100 प्रश्नांना 90 मिनिटे असतात.

मात्र दिवसच दिले नसतील तर लसावि कशाचा काढणार? 'अ हा बच्या दीडपट वेगाने काम करतो आणि त्याला बपेक्षा 10 दिवस कमी लागतात.' वेग 3:2, म्हणून वेळ 2:3. एका भागाचा फरक म्हणजे 10 दिवस. अ 20, ब 30. इथे प्रमाणाने दोन ओळींत काम होते.

मग अपूर्णांक टाकून द्यावेत का? मुळीच नाही. 'लीलावती'त चार झरे एक हौद अनुक्रमे 1, 1/2, 1/3 आणि 1/6 दिवसात भरतात. प्रत्येक अपूर्णांक उलटा केला की दिवसाला 1, 2, 3 आणि 6 हौद. बेरीज 12, म्हणून चारही एकदम सोडले तर 1/12 दिवस, म्हणजे 2 तास. वेगांची बेरीज होते, दिवसांची होत नाही, हे इथे डोळ्यांना दिसते. शिष्यवृत्ती परीक्षेला बसणाऱ्या मुलाला मी म्हणूनच आधी हीच रीत शिकवेन आणि लसावि त्यानंतर. 20 आणि 30 ची सरासरी काढून 25 दिवस लिहिणारे मूल अजून पहिल्या पायरीवर आहे. दोघे मिळून करताना एकट्या 'अ'पेक्षाही जास्त दिवस कसे लागतील, हे त्याला आधी विचारा.