आधी प्रसंग की आधी मुद्दा? मुलाखतीत उत्तर मांडण्याच्या दोन पद्धती

अनुभवावरच्या प्रश्नांची उत्तरे कशी मांडावीत याबाबत मुलाखतीची तयारी करणाऱ्यांपुढे साधारणपणे दोन मार्ग असतात. पहिला मार्ग सर्वांच्या परिचयाच्या 'स्टार' पद्धतीचा, म्हणजे आधी परिस्थिती, मग आपल्यावरची जबाबदारी, नंतर आपण काय केले आणि शेवटी त्यातून काय निष्पन्न झाले. दुसरा मार्ग पहिल्याच वाक्यात मुद्दा सांगून टाकण्याचा आणि त्याच्या पुष्ट्यर्थ एखादाच प्रसंग देण्याचा. न्हावा शेवा बंदरातून येणाऱ्या मालाच्या कागदपत्रांचे काम मी करतो. नोकरी बदलताना बेलापूर, वाशी आणि ठाणे येथील कार्यालयांत मी दोन्ही पद्धतींनी मुलाखती दिल्या आहेत, आणि एका जागेसाठी बाहेर बाकावर आपल्यासारखेच अनुभवी उमेदवार बसलेले असताना कोणती पद्धत उपयोगी पडते याविषयी माझे काही मत झाले आहे.

स्टारच्या बाजूने बरेच बोलता येईल. डीडीआय या अमेरिकी संस्थेने १९७०च्या दशकात ही पद्धत रूढ केली, ती मुळात मुलाखत घेणाऱ्यांच्या सोयीसाठी. जिथे सर्व उमेदवारांना तेच प्रश्न विचारून समोरच्या तक्त्यात गुण भरले जातात, तिथे या क्रमाने दिलेले उत्तर त्या तक्त्यात नेमके बसते. मितभाषी माणसाला तिचा आधार वाटतो, आणि कामाची हकीकत ओघाने येत असल्यामुळे स्वतःची फुशारकी मारल्यासारखेही होत नाही.

माझी अडचण एकच होती, पण ती वारंवार आडवी आली. या पद्धतीत सांगण्यासारखी गोष्ट सर्वांत शेवटी येते आणि तिथपर्यंत आपल्याला कोणी पोहोचू देत नाही. मला सांगायचे असायचे ते एवढेच, की इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीने दिलेली मालाची पावती) यांतील वजन व मालाचे वर्णन मी जहाज लागण्याआधीच ताडून पाहतो, त्यामुळे आयातदाराचा डिटेंशनचा, म्हणजे कंटेनर मुदतीत परत न केल्याबद्दल जहाज कंपनीला द्यावा लागणारा, खर्च वाचतो. मात्र स्टारच्या शिस्तीप्रमाणे मी सुरुवात करायचो ती, 'एका आयातदाराचे रसायनांचे दोन कंटेनर न्हावा शेवाला येणार होते,' अशी. एवढ्यावर समोरच्यांपैकी एकजण विचारी, 'कुठल्या टर्मिनलला?' दुसऱ्यांना ते रसायन धोकादायक वर्गातले होते का, हे जाणून घ्यायचे असे. एका ठिकाणी तर मंडळातील एक गृहस्थ, बहुधा रोज तिकडून येणारे असावेत, उरणच्या रस्त्यावरील ट्रेलरच्या रांगांवर घसरले आणि माझा वेळ त्यातच गेला. प्रश्न गैर नव्हते, मीही त्यांच्या जागी तेच विचारले असते. परंतु मी बाहेर पडल्यावर त्यांच्या टिपणात 'रसायने, दोन कंटेनर' याखेरीज काही उरले असेल असे मला वाटत नाही.

दुसऱ्या पद्धतीत मी सुरुवातच अशी करू लागलो: 'कागदांतील तफावतीमुळे माझा माल सहसा अडकत नाही, कारण तपासणी मी जहाज येण्याआधी उरकतो.' त्यानंतर कोणी टर्मिनल विचारले तरी बिघडत नाही, कारण सांगायचे ते सांगून झालेले असते. शिवाय प्रश्नांचा रोखही बदलतो, असा माझा अनुभव आहे. 'आधी म्हणजे किती आधी?' असे विचारले गेले, की सीमाशुल्क कायद्यातील २०२१ च्या दुरुस्तीनंतर बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचे सीमाशुल्क खात्याला द्यायचे विवरण, सर्वसाधारणपणे जहाज येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरावी लागते, हे सांगता येते. मग एका पॅकिंग लिस्टवर निव्वळ वजनाच्या रकान्यात ड्रमांसकट एकूण वजन कसे चढले होते आणि ते पुरवठादाराकडून वेळेत कसे बदलून घेतले, हा प्रसंग दोन वाक्यांत आपोआप येतो.

लक्षात राहण्याच्या दृष्टीने पाहिले, तर बेनेट मर्डॉक या मानसशास्त्रज्ञाने १९६२ मध्ये शब्दांच्या याद्या ऐकवून केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. त्यांत यादीच्या सुरुवातीचे आणि शेवटचे शब्द मधल्या शब्दांपेक्षा अधिक आठवले. शब्दांची यादी आणि नोकरीची मुलाखत या भिन्न गोष्टी आहेत हे मान्य आहे, आणि शेवटचे लक्षात राहते ही बाब स्टारच्याही बाजूने मांडता येईल. शेवटापर्यंत जाऊ दिले गेले तर, एवढीच अट.

मुद्दा आधी सांगण्यात धोका नाही असे मात्र नाही. 'मी मेहनती आहे', 'मी संघभावनेने काम करतो' अशी विधाने पहिल्याच वाक्यात टाकली तर ती पोकळ वाटतात. मुद्दा तपासून पाहता येईल असाच हवा, आणि असे दोन-तीन मुद्दे स्वतःच्या कामातून वेचून काढण्यास प्रसंग पाठ करण्यापेक्षा अधिक वेळ लागतो. राज्यसेवेच्या उमेदवारांनी आणखी एक भान ठेवावे. नव्या वर्णनात्मक पद्धतीत मुख्य परीक्षेच्या १७५० गुणांना मुलाखतीच्या २७५ गुणांची जोड आहे, आणि तिथे कामाच्या अनुभवाबरोबरच धोरणविषयक मतही विचारले जाते. वादाच्या विषयावर थेट निकाल देऊन सुरुवात केली, तर दुसरी बाजू ठाऊकच नसल्यासारखे दिसू शकते. तेथे पहिले वाक्य जरा सौम्य ठेवलेले बरे.

बँका किंवा मोठ्या कंपन्यांमध्ये, जिथे ठरावीक प्रश्न विचारून उत्तर शांतपणे लिहून घेतले जाते, तिथे स्टार सोडण्याचे कारण मला दिसत नाही. तीन-चार जणांचे मंडळ मध्येच तोडून विचारणारे असेल, तर मी मुद्दा आधी सांगणेच पसंत करीन. समोर कोणत्या प्रकारचे मंडळ असेल हे आधी कळण्याची सोय बहुधा नसते, म्हणून आता मी स्टारप्रमाणे तयार केलेल्या उत्तरातीलही निष्पत्तीचे वाक्य उचलून सर्वांत वर आणतो. तक्ता भरणाऱ्यांनी त्यावर अद्याप तरी हरकत घेतलेली नाही.