परसदारातील वेधशाळा: घुमट की सरकते छप्पर?

दुर्बिणीसाठी घरामागे कायमची जागा करायची, खांब पक्का रोवायचा आणि दर रात्री दुर्बिणीचा फिरण्याचा अक्ष ध्रुवाशी जुळवण्यात अर्धा तास घालवायचा नाही, इथपर्यंत ज्यांचे ठरले आहे त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. पुढचा प्रश्न त्या खांबावर निवारा कोणता असावा, हा आहे: उघडी फट असलेला फिरता घुमट, की रुळांवरून बाजूला जाणारे अख्खे छप्पर. मी एका मित्राच्या घुमटात दोन-तीन हिवाळे काढले, तसाच घुमट मागवण्याच्या बेतात होतो, आणि शेवटी भोरजवळच्या आमच्या घराच्या परसदारात सरकते छप्पर बांधले. त्यामुळे मी पूर्णपणे तटस्थ आहे असा दावा करणार नाही. पण घुमटाविषयी माझ्या मनात आकस नाही, आणि काही बाबतींत तो उघडपणे सरस आहे हेही मला मान्य आहे.

त्या बाबी आधी सांगतो. भाटघर धरणाच्या पाण्याच्या बाजूने डिसेंबरात रात्री अकरानंतर जे दव उतरते, त्यात उघड्या खोलीतील टेबल, नकाशे आणि दुर्बिणीची नळी तासाभरात ओलीचिंब होतात. घुमटात दव पडतच नाही असे नाही, परंतु डोक्यावर आच्छादन असल्यामुळे आरसे आणि भिंगे बराच काळ कोरडी राहतात. माझ्याकडे मात्र दव रोखणाऱ्या तापपट्ट्यांशिवाय मध्यरात्र ओलांडता येत नाही. वाऱ्याचेही तसेच आहे. घुमटात नळी स्थिर राहते, आणि शेजारच्या गच्चीवरचा दिवा फटीआड गेला की तो अस्तित्वात नसल्यासारखाच होतो. शिवाय घुमट बंद करताना दुर्बीण कोणत्या दिशेला आहे याचा विचार करावा लागत नाही, तर सरकते छप्पर ओढण्याआधी नळी आडवी करून ठेवावीच लागते. मागच्या एप्रिलमध्ये वळीव आला तेव्हा नेमकी वीज गेली, माऊंटची, म्हणजे दुर्बीण पेलून फिरवणाऱ्या बैठकीची, मोटार बंद पडली, आणि अंधारात चाचपडत क्लच सैल करून नळी हाताने खाली घ्यावी लागली. छप्पर बंद होईपर्यंत माझ्या वहीचे दोन-तीन कागद भिजले होते. घुमट असता तर हा प्रसंग आला नसता, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

असे असूनही मी घुमट घेतला नाही, आणि त्याचे कारण आपल्या अक्षांशात दडलेले आहे. घुमटाची फट क्षितिजापासून माथ्यापर्यंत जाते, आणि ती सर्वांत उपयोगी पडते आकाशाच्या मधल्या उंचीवर. लंडनहून पाहणाऱ्या निरीक्षकाला गुरू अगदी उत्तम स्थितीत असतानाही साठेक अंशांच्या वर मिळत नाही, त्यामुळे तिकडच्या लोकांना घुमटाच्या माथ्याशी फारसे कर्तव्य नसते. आपले तसे नाही. भोरचा अक्षांश सव्वाअठरा अंशांच्या जरा आत आहे, आणि पावसाळा सरल्यावर जे चार महिने आपल्याला स्वच्छ मिळतात, त्याच महिन्यांत वृषभ, मिथुन आणि कर्क मध्यरात्रीच्या आसपास डोक्यावर असतात. रोहिणी माथ्यापासून दीड-दोन अंशांवरून जाते, पुष्यातील तारकागुच्छ जवळपास तितक्याच अंतरावरून, क्रॅब तेजोमेघ चार अंशांवरून, आणि वसंतात स्वातीचा तारा तर अंशभरावरून जातो. १० जानेवारी २०२६ रोजी गुरू मिथुनेत प्रतियुतीला, म्हणजे आकाशात सूर्याच्या बरोबर समोरच्या बाजूला, होता. त्या रात्री तो आमच्याकडे ८६ अंशांपर्यंत चढला. अशा स्थितीत हवेचा थर सर्वांत पातळ असतो आणि ग्रहाचे पट्टे सर्वांत स्वच्छ दिसतात. वर्षभर ज्याची वाट पाहायची तो तास हाच, आणि घुमट नेमका याच तासाला अडवणूक करतो.

कसे, ते जरा सविस्तर सांगणे भाग आहे. मित्राचा घुमट फायबरचा, सात फूट व्यासाचा आणि हाताने फिरवण्याचा आहे. त्याची फट दोन फूट रुंद असून माथ्याच्या पलीकडे वीतभर उघडते. आत जर्मन पद्धतीच्या विषुववृत्तीय माऊंटवर (ध्रुवाकडे रोखलेल्या अक्षाभोवती फिरणाऱ्या) आठ इंची न्यूटोनियन, म्हणजे आरशाची, दुर्बीण आहे. अशा माऊंटवर नळी घुमटाच्या मध्यभागी नसते, ती अक्षापासून सव्वा फूट बाजूला असते. आणि ग्रह पूर्वेला असताना ती खांबाच्या पश्चिमेला असते. ग्रह खाली असेपर्यंत याने काही बिघडत नाही. पण तो माथ्याकडे चढू लागला, की पश्चिमेला असलेली नळी जवळजवळ सरळ वर पाहू लागते, आणि तिच्या वर पूर्वेकडची फट नसते, घुमटाची पश्चिम बाजू असते. म्हणजे गुरू अजून पूर्वेला असताना, मध्यमंडल (माथ्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडण्याच्या जवळजवळ तासभर आधी, फट पश्चिमेला वळवावी लागते. मग ग्रह मध्यमंडलावर येतो, नळी खांबाच्या दुसऱ्या बाजूला घ्यावी लागते, ज्याला आपण सारे मेरिडियन फ्लिप म्हणतो, आणि आता ग्रह पश्चिमेला कलत असताना फट पुन्हा पूर्वेला आणावी लागते. आणखी तासाभराने ती परत पश्चिमेला. कागदावर हे गमतीचे वाटते; थंडीत, अंधारात, डोळा आयपीसवरून काढून दर वेळी घुमटाची अर्धी प्रदक्षिणा करताना तसे वाटत नाही.

मला हे सारे गणित नंतर उमगले. मित्राच्या घुमटात एका रात्री गुरूचे बिंब हळूहळू मंद होत गेले, कडा पसरट दिसू लागल्या, आणि मी आधी पातळ ढगाला, मग दवाला, मग स्वतःच्या चष्म्याला दोष दिला. दोन आयपीस बदलून पाहिले, आरशांची जुळणी बिघडली असावी म्हणून ती तपासण्याची तयारीही केली. शेवटी नळीच्या तोंडाशी हात नेला तेव्हा कळले, की अर्ध्याहून अधिक तोंड घुमटाच्या कडेखाली झाकले गेले होते. मी फट गुरूच्या दिशेला अगदी काटेकोर ठेवली होती, आणि चूक तीच होती. तोपर्यंत माथ्यावरचा उत्तम तास संपला होता. मित्राला याची सवय झाली आहे आणि तो ते न बोलता करतो. मला ती सवय लावून घेण्याची इच्छा झाली नाही.

यावर उपाय नाही असे नव्हे. संगणकाने नळीची दिशा वाचून मोटारीने घुमट फिरवणारी यंत्रणा मिळते, आणि ती हे सगळे आपोआप करते. जुन्नरजवळच्या गिरवलीला आयुका या पुण्याच्या खगोलशास्त्र संस्थेची दोन मीटर व्यासाची दुर्बीण आहे. तिथला घुमट कोणी खांद्याने ढकलत नाही. पण हौशी माणसाने मोटार, नियंत्रक, जोडणी आणि त्यांची पावसाळ्यातील देखभाल इतके सगळे अंगावर घ्यायचे, तेही फक्त घुमटानेच निर्माण केलेली अडचण दूर करण्यासाठी, हे मला पटले नाही. मोठा घुमट घेतला तर अडचण कमी होते हे खरे. मग खर्च आणि जागा दोन्ही वाढतात. मला सात फुटी घुमटासाठी जी रक्कम सांगितली गेली, साधारण तेवढ्यात माझी दहा बाय दहाची खोली, खांब आणि छप्पर मिळून झाले.

सरकत्या छपराचा मोठा फायदा असा, की त्यातले काहीही परके नाही. सरकते गेट करणारा कोणताही फॅब्रिकेशनवाला ते करू शकतो, कारण ते आडवे घातलेले गेटच आहे: लोखंडी सांगाडा, वर रंगीत पन्हळी पत्रे, खाली गेटची खोबणीची चाके आणि उलट्या अँगलचा रूळ. बिघडले तर दुरुस्तीला दुसऱ्या शहरातून कोणाला बोलवावे लागत नाही. रूळ खोलीबाहेर आणखी दहा फूट न्यावे लागतात, एवढी जागा मात्र हवी. आमच्याकडे त्या बाहेरच्या सांगाड्याखाली उन्हाळ्यात मिरच्या वाळतात, त्यामुळे घरातून त्या जागेबद्दल कधी तक्रार आली नाही.

छप्पर कोणत्या दिशेला सरकवायचे याचा निर्णय मात्र घाईने घेऊ नये. उत्तरेला नेण्याचा सल्ला परदेशी आराखड्यांत सर्रास आढळतो, आणि तिथे तो योग्यही आहे, कारण तिकडे ध्रुव उंचावर असतो. आपल्याकडे तो अठरा अंशांवर, म्हणजे छपराच्या मागे. दक्षिणेला नेले तर अगस्त्य एकोणीस अंशांवर आणि ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ चोवीस अंशांवर, हे दोन्ही धोक्यात येतात, आणि ते गमावण्यासाठी कोणी महाराष्ट्रात वेधशाळा बांधत नाही. मी पूर्वेला नेले. त्या बाजूला पुणे-सातारा महामार्गावरच्या ढाब्यांचा उजेड आहे आणि छप्पर त्याच्या आड पडदा म्हणून उभे राहते. घुमटाचा तो एक गुण असा थोडाफार वसूल झाला. भिंती सहा फूट आहेत आणि दुर्बिणीचा अक्ष फरशीपासून साडेचार फूट, त्यामुळे भिंतीच्या काठावरून ध्रुव जेमतेम दिसतो. दक्षिणेच्या भिंतीचा वरचा दोन फुटांचा भाग बिजागऱ्यांवर बाहेर पडेल असा केला आहे; मे महिन्यात तो खाली सोडला की क्षितिजालगतचा त्रिशंकूही मिळतो.

उष्णतेबद्दल मी मोजमाप केलेले नाही, त्यामुळे अनुभवच सांगतो. दिवसभर तापलेल्या घुमटातील हवा त्या एकाच फटीतून, म्हणजे नळीच्या तोंडासमोरूनच, बाहेर पडते, आणि मार्च-एप्रिलमध्ये तिथे नऊपर्यंत ग्रहाचे बिंब उकळत्या पाण्यातून पाहिल्यासारखे दिसत असे. माझ्याकडे संध्याकाळी छप्पर काढले की जेवण होईपर्यंत खोली बाहेरच्या हवेशी जुळलेली असते. आणि पाहुणे आले, शेजारची मुले आली, की घुमटात एकेकाला आत घ्यावे लागते, तर इथे सारेजण डोक्यावरचे अख्खे आकाश पाहत आपली पाळी येण्याची वाट पाहतात.

पाऊस हा दोघांचाही शत्रू आहे. झडीचे पाणी घुमटाच्या फिरत्या कड्याखालून आणि फटीच्या सांध्यातून आत येते. छपराला भिंतीबाहेर नऊ इंच पत्र्याची झालर लावली तरी पहिल्या वर्षी पश्चिमेचा कोपरा ओला झालाच. म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात मी नळी आणि आयपीस घरात आणतो आणि बुरशीच्या भीतीने दसऱ्यापर्यंत सिलिका जेलच्या पुड्यांसह कपाटात ठेवतो. वळवाच्या वाऱ्यात हलके छप्पर उचलले जाऊ शकते, तेव्हा चारही कोपऱ्यांना आतून ताणून बसणारे आकडे आवश्यक आहेत. वानरांच्या उड्यांनी पत्रे वाजतात, त्याला माझ्याकडे उपाय नाही.

ज्यांची जागा शहरात आहे आणि चारही बाजूंनी दिवे आहेत, किंवा जे पाचगणीसारख्या वाऱ्याच्या पठारावर बांधत आहेत, किंवा ज्यांना घरात बसून संगणकावरूनच छायाचित्रे घ्यायची आहेत आणि मोटारीचा खर्च पेलवतो, त्यांनी घुमटाचा विचार जरूर करावा. कदाचित त्यांच्यासाठी तोच योग्य ठरेल. उरलेल्यांनी निदान एवढे करावे, की एखाद्याच्या घुमटात जानेवारीची एक पूर्ण रात्र, तीही काहीतरी माथ्यावरून जात असताना, काढून मग आगाऊ रक्कम द्यावी. खांब मात्र आधीच घालून ठेवायला हरकत नाही, कारण तो दोन्हीकडे सारखाच लागतो: काळी माती असेल तर ती पूर्ण काढून खाली मुरूम लागेपर्यंत खणावे, आणि खांबाचे काँक्रीट फरशीला कुठेही चिकटू देऊ नये. माझ्या खांबाभोवती दोन बोटांची फट ठेवली आहे, आणि फरशीवर कोणी चालले तरी शनीचे कडे हलत नाही.