‘काका, नंबर तोच राहील’

लिहायला लाज वाटते. कारखान्याच्या स्टोअर्समध्ये ३१ वर्षं काढली, चलनाशिवाय एक नट आत येऊ दिला नाही. आणि निवृत्त झाल्यावर लँडलाईनऐवजी सिमवर चालणारा एक डबा घरात घेतला तो बिलाशिवाय, वर दोन ओटीपी देऊन. एकूण गेले २१,६०७ रुपये. आणि १९८९ सालापासूनचा लँडलाईन नंबर गेला तो वेगळाच.

पैशांपेक्षा नंबराची हळहळ जास्त आहे. वडिलांनी नाव नोंदवून सात वर्षं वाट पाहिली होती. तेव्हा पुण्याचा कोड ०२१२ होता. नंबर आधी सहा आकडी, मग सात, मग पुढे २ लागून आठ आकडी झाला. आईचं वय ८६. तिला मोबाईल जमत नाही आणि सांगली-मिरजेकडच्या म्हाताऱ्या मंडळींना आमचा हाच एक नंबर पाठ.

दोन पावसाळे लाईन खरखरत होती. रस्ता खणला की बंद, चार दिवसांनी आपोआप चालू. तक्रारी नोंदवून कंटाळलो होतो, तेवढ्यात मोबाईलवर फोन आला. “काका, तुमच्या लँडलाईनची तक्रार पेंडिंग आहे ना?” माझी तक्रार याला कुठून कळली, हे मला विचारायचं सुचलं नाही. उलट वाटलं, चला, कोणीतरी दखल घेतली.

दुसऱ्या दिवशी पोरगा घरी हजर. गळ्यात ओळखपत्र, आल्या आल्या आईच्या पाया पडला. तांब्याच्या केबल आता जाणार म्हणाला. ते काही खोटं नाही, म्हणूनच पटलं. सिमवर चालणारा राऊटर, त्याच्याच मागे फोन जोडायचा, इंटरनेट कॉलिंग अमर्याद, नंबर तोच. राऊटर ६,४९९, पाच वर्षांचं नेट आणि कॉलिंग ११,९८८, नंबर ट्रान्सफर १,१८०, जोडणी ५९०. महिन्याला दोनशेसुद्धा पडत नाहीत, हा हिशोब मीच त्याला करून दाखवला. शेवटचे दोन आकडे म्हणजे हजार आणि पाचशेवर १८ टक्के जीएसटी, हेही मीच ताडलं. जीएसटी लावतोय म्हणजे माणूस सरळ! यूपीआय करताना स्क्रीनवर कंपनीऐवजी कुणा बाईचं नाव आलं. “आमच्या डिस्ट्रिब्युटर मॅडम.” बरं.

लँडलाईनचा नंबर एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे नेण्याची सोय आपल्या देशात नाही. पोर्टिंग फक्त मोबाईलचं. हे एक वाक्य मला माहीत असतं तर त्याला दारातूनच परत पाठवला असता. नंबर राखायचा असेल तर आपल्या त्याच कंपनीत जाऊन तांब्यावरून फायबरवर जाता येतं का ते विचारा, आणि तिथल्या खिडकीवर स्वतः जा.

आता तो क्षण. त्याने जुन्या फोनवरून काही आकडे दाबले आणि मला म्हणाला, मोबाईलवरून लँडलाईन लावा. लावली, तर नव्या डब्याचा फोन वाजला. चमत्कार! होतं ते साधं कॉल फॉरवर्डिंग, डब्यातल्या सिमवर. मग त्याने डब्यावरून माझ्या मुलाचा मोबाईल थेट दहा आकडे दाबून लावला. २०२१ च्या जानेवारीपासून लँडलाईनवरून मोबाईल लावायचा तर आधी शून्य लागतो. आई रोज शून्य दाबते. ती लगेच म्हणाली, “अरे, शून्य नाही लावला त्याने.” मुलाच्या स्क्रीनवर आठने सुरू होणारा मोबाईल नंबर आला, तर आई म्हणते, “हा आपला नंबर नव्हे.” पोरगा हसून मला म्हणाला, “आजींना नाही कळायचं, तो व्हर्च्युअल नंबर आहे. तुम्हाला कळतंय ना काका?” आणि मी, शहाणा, आईला म्हटलं, “तू जरा गप्प बस गं.” २१,६०७ पैकी निम्मे तरी या एका वाक्याचे.

‘नंबर ट्रान्सफर’चा म्हणून जो अर्ज भरला तो कनेक्शन बंद करण्याचा होता. वर माझी सही.

गुरुवारी वीज गेली आणि डबा मुका झाला. जुना फोन वीज नसतानाही चालायचा, त्याला करंट एक्स्चेंजमधून यायचा. पोरगा १,३५० रोख घेऊन छोटा यूपीएस देऊन गेला. एकोणिसाव्या दिवशी बाहेरून फोन येणं थांबलं, कारण एक्स्चेंजने अर्जाप्रमाणे लाईन तोडली आणि फॉरवर्डिंगही संपलं. मी गप्प बसलो नव्हतो. रोज फोन करत होतो, तोही उचलत होता. “शिफ्टिंग चालू आहे काका, ७२ तास.” एकोणतिसाव्या दिवशी सिम बंद. पाच वर्षं म्हणजे २८ दिवसांचं एक रिचार्ज. त्यानंतर त्याचाही फोन बंद.

एक्स्चेंजमध्ये म्हणाले, अर्जावर सही तुमचीच, अनामत खात्यात येईल. नंबर परत? तांब्याचं नवं कनेक्शन देत नाही, फायबर घ्या, नंबर नवा मिळेल. चौकीत म्हणाले, “वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली? ग्राहक मंचात जा.” मी आग्रह धरला तेव्हा सायबरकडे धाडलं. सायबरवाले म्हणतात, माणूस घरी आला होता ना, मग हे सायबर कसं? चौकीत जा. फसवणुकीचं ४२० कलम आता ३१८ झालं, एवढं ज्ञान या येरझाऱ्यांत पदरी पडलं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर विचारलं, महिनाभर काय करत होतात? पैसे पुढे निघून गेलेत. (पैसे गेले की त्याच तासात १९३० लावा, माझ्यासारखं ‘७२ तास’ मोजत बसू नका.) दूरसंचार खात्याच्या ‘चक्षू’ या ऑनलाईन सोयीवर फक्त संशयास्पद कॉल कळवायचे, पैसे गेले असतील तर पुन्हा १९३०. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक, एकेकट्या ग्राहकाची तक्रार घेतच नाही. बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात. १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर बाई नीट बोलल्या, पण कंपनीचं नाव-पत्ता मागितला. तो असता तर मीच त्याच्या दारात बसलो नसतो का?

दूरसंचार खात्याच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर मात्र आजच्या आज जाऊन आपल्या नावावर किती सिम आहेत ते पाहा. माझ्या नावावर दोन अनोळखी नंबर निघाले. एक डब्यातला. दुसरा, “पहिला ओटीपी फेल गेला काका” म्हणून घेतलेल्या ओटीपीचा. तो कुणाच्या हातात होता आणि त्यावरून कुणाला फोन गेले, देव जाणे. ‘माझा नंबर नाही’ म्हणून नोंदवलाय. त्या धसक्याने दोन रात्री झोप नव्हती.

गेल्या आठवड्यात एका गृहस्थांचा फोन आला, आवाज अगदी सरकारी. तुमची तक्रार मंजूर झाली आहे, २०,२५७ रुपये परत मिळतील, प्रोसेसिंगचे ४९९ पाठवा. यूपीएसचे रोख दिलेले १,३५० त्यांच्या वहीत नव्हते. तेवढ्यावरून मी ओळखलं, यादी कुठून आली ते.